पोस्टमास्तरांच्या सोळा वह्या

अन्याय झाला तो आमच्या गावात राहिलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांवर. गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेत. सारं गाव तेव्हा शाळेच्या मैदानात पोरांचे लाकडी बैल बघायला गेलं होतं. सभेला सात सभासद हजर. पाच कार्यकारिणीचे, सहावे मास्तर, सातवी मी. ठराव असा की मास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहून वाचनालयाला दिलेल्या सोळा वह्या ‘समासात लिखाण करून खराब झालेल्या’ आहेत, सबब त्या दाखल नोंदवहीतून बाद कराव्यात. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. साध्या भाषेत रद्दी. वह्या आता पोत्यात शिवून ठेवल्या आहेत.

त्या वह्यांत काय होतं ते आधी सांगते, कारण ज्या पाच जणांनी हात वर केले त्यांतल्या चौघांनी एकही वही उघडली नव्हती. ज्यू समाजात देवाला बाजूला ठेवून विचार करणारी माणसं कशी निपजली, त्यांनी काय मांडलं, त्यांना कुणी हाकललं आणि हाकलल्यावर त्यांनी काय केलं, याचा इतिहास होता. मराठीत. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खोलीत, पत्र्याखाली बसून लिहिलेला. मी नागपूरच्या दोन ग्रंथालयांत जाऊन विचारलं, या विषयावर मराठीत काही आहे का. नाही म्हणाले. आमच्या गावात आहे. पोत्यात आहे.

मास्तर मूळचे कोकणातले, तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. बदलीवर इकडे आले, इथूनच निवृत्त झाले, आणि परत गेलेच नाहीत. का गेले नाहीत विचारलं की म्हणायचे, "तिकडे माझे नातेवाईक आहेत. ते माझं सगळं ऐकून घेतात. इकडे लोक ऐकत नाहीत, उलट बोलतात."

गावाला मात्र ते नीट कळायला फार वर्षं लागली. शेजारच्या जाम गावाच्या चौकात गुलाबभाऊंची चहाची टपरी आहे. तिथं दर नव्या माणसासमोर हा संवाद व्हायचा, मी स्वतः चार-पाच वेळा ऐकलाय, फक्त वहीचा आकडा बदलायचा.

"मास्तर, तुमी क्रिश्चन म्हना ना मंग."

"नाही. ज्यू."

"बरं. देव कोनता तुमचा?"

"मी देव मानत नाही."

"मंग ज्यू कायचे?"

"त्यावरच वह्या लिहितोय. सोळावी चालू आहे. अजून पक्कं सांगता येत नाही."

मग गुलाबभाऊ गिऱ्हाइकाला डोळ्यानं खूण करायचे की जाऊ द्या, चहा घ्या.

वह्यांची एक पद्धत होती, आणि सगळा घोळ त्या पद्धतीमुळेच झाला, म्हणून नीट ऐका. मास्तर पानाच्या मधोमध पट्टीनं पोस्टकार्डाएवढा चौकोन आखायचे. त्यांचं लिखाण तेवढ्यातच. चारही बाजूंना कोरी जागा. वही वाचनालयात ठेवताना पहिल्या पानावर सूचना असायची: वाचणाऱ्यानं न पटलेलं समासात लिहावं, खाली तारीख आणि वेळ घालावी. ज्यूंचे जुने ग्रंथ असेच असतात म्हणे. मधे मूळ वचन, भोवती शेकडो वर्षांची भांडणं, आणि हरलेल्या पंडिताचं मतही कुणी खोडत नाही. मास्तर म्हणायचे, "आमच्या धर्मातला देव मी सोडला. हे पान सोडवत नाही. अविश्वासाची सुरुवात या पानातच झाली आहे. ज्यांनी एकमेकांना उलट बोलायला जागा ठेवली, त्यांच्यातला कुणीतरी कधीतरी देवालाही उलट बोलणारच."

तारीख आणि वेळ हा पोस्टाचा गुण. त्यांच्यासमोर कुणी नुसतं "मले नाई पटत" म्हटलं तरी ते घड्याळ बघायचे. मी वर अकरा वाजून वीस मिनिटं लिहिलं ते त्यांच्याच सवयीनं.

ग्रंथपालानं पहिल्या वहीवर ‘धर्म’ असा शिक्का मारला. मास्तर चवताळले. मग ‘इतिहास’ झालं, पण त्या कपाटात जागा नव्हती. शेवटी सगळ्या वह्या ‘संकीर्ण’ म्हणून खालच्या फळीवर गेल्या. तेव्हा मास्तर खूश. "हे बरोबर झालं. आम्ही दोन हजार वर्षं संकीर्णच आहोत."

आणि लोकांनी लिहिलं. हे मला छातीठोकपणे सांगायचंय. ज्या गावाबद्दल बाहेरचे लोक म्हणतात की तिथं कापूस आणि किराण्याशिवाय बोलायला विषय नाही, त्या गावानं ॲमस्टरडॅमच्या आणि पोलंडच्या भांडणात समास भरले. वऱ्हाडीत.

तिसऱ्या वहीत एक जुनी गोष्ट आहे. पंडितांचा वाद चाललाय, एक भट्टी शुद्ध की अशुद्ध. एकटा पंडित सगळ्यांच्या विरोधात. त्याच्या बाजूनं झाड जागचं हलतं, पाणी उलटं वाहतं, शेवटी आकाशवाणी होते की हाच बरोबर. तर बाकीचे पंडित आकाशाला सांगतात की नियम आता आमच्या हातात दिलेले आहेत, वरून बोलू नये, इथं बहुमत चालतं. आणि देव रागावत नाही, हसतो. मास्तरांनी ही गोष्ट टपरीवर सांगितली तेव्हा गुलाबभाऊंनी गाळणी तशीच हातात धरली.

"म्हनजे देव हारला?"

"हरला."

"पंडितायनं हारवला?"

"मतं मोजून."

गुलाबभाऊ भजनी मंडळात पेटी वाजवतात. तीन दिवस गेले. मग वाचनालयात आले, वही मागून घेतली आणि समासात लिहिलं: ‘देव हारला हे मले मान्य नाई. त्यानं हार घेतली. बाप लेकरासंग कुस्ती खेळून राह्यला अन् आपूनच खाली पडते, तसं. हे इचारात घ्यावं.’ खाली तारीख, वेळ, सही.

मास्तरांनी ते महिनाभर येईल त्याला वाचून दाखवलं. पंच्याहत्तरी उलटलेला, देव न मानणारा माणूस, आणि देवाची बाजू कुणीतरी चांगली मांडली म्हणून त्याला जेवण जात नव्हतं. शेजारी बारीक अक्षरात त्यांनी लिहून ठेवलं: ‘उत्तर सुचलेलं नाही. शोधतो आहे.’

दिसायला मास्तर काहीच विशेष नव्हते. हाडं, अर्ध्या बाह्यांचा सदरा, सायकल. हातात आलेला कुठलाही कागद, मग ते लग्नाचं निमंत्रण असो की औषधाची चिठ्ठी, अंतर्देशीय पत्रासारखा तीन घड्या करून खिशात घालायचे. वर्षातून एकदा मलिद्याचं ताट करायचे. कोकणातल्या ज्यूंचा हा रिवाज: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, एका जुन्या प्रेषिताच्या नावानं. आमच्या भागात मलिदा म्हटलं की गिरडच्या दर्ग्यावरचा, तुपातल्या पोळीचा चुरा. त्यामुळे पहिल्या वर्षी लोक ताटाकडे बघून म्हणाले, "हा मलिदा नाई मास्तर, हा नाश्ता होय." मास्तर प्रार्थना म्हणत नसत. फळ उचलणाऱ्यानं एक शंका बोलून दाखवायची, एवढीच अट. माझी आई केळ घेऊन म्हणाली, "मले एकच शंका आहे. एवढे पोहे संपतीन का?" ती चालली. नोंदवली गेली.

माझी त्यांच्याशी ओळख पत्रकामुळे झाली. मी कॉलेजात होते आणि जिनिंग कारखान्यात कापूस निवडणाऱ्या बायकांना हंगामात आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून आम्ही चार पोरी धडपडत होतो. माझी मावशी त्यात. सलग एकवीस दिवस कामाला गेली होती, बाविसाव्या दिवशी मशीनजवळ भोवळ येऊन पडली. मी पत्रक लिहिलं. सुरुवात ‘नराधम मालकांनो’ अशी होती, आणि पुढं दर ओळीला उद्गारचिन्ह. शुद्धलेखन तपासायला कुणीतरी मास्तरांकडे पाठवलं.

त्यांनी पत्रक वाचलं, तीन घड्या केल्या, परत दिलं.

"मालक काय म्हणतो?"

"कोन?"

"तुमचा नराधम. त्याचं म्हणणं काय आहे?"

"त्याचं म्हननं मी काऊन सांगू? त्याले तोंड नाई का?"

"तू सांग. इतकं चांगलं सांग की तो म्हणाला पाहिजे, मला इतकं जमलं नसतं. मग तुझं सांग. आमच्यात दोन जुन्या शाळा होत्या. कायम भांडायच्या. त्यातली एक आधी समोरच्याचं मत शिकवायची, मग स्वतःचं. निकाल बहुतेक वेळा तिच्याच बाजूनं लागला."

मी चिडून घरी आले. आठ दिवसांनी परत गेले, कारण मावशी पुन्हा कामावर गेली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग लिहिलं: हंगाम चार महिन्यांचा, गाड्या रोज येतात, ओला कापूस पडून राहिला तर गरम होतो, मशीन एक दिवस थांबली तर दारात रांग लागते. हे सगळं खरं आहे. आणि मग खाली आमचं. मास्तरांनी अजून एक गोष्ट करायला लावली. सगळं वऱ्हाडीत लिही म्हणाले. त्यांच्या नवव्या वहीत पूर्व युरोपातल्या ज्यू कामगारांचा भाग आहे, शिंपी, कातडी कमावणारे, ब्रश बांधणारे. देवळात जायचं सोडलेल्या या लोकांनी संघटना बांधली तेव्हा पत्रकं प्रार्थनेच्या भाषेत काढली नाहीत, घरच्या बोलीत काढली. शिकलेल्या लोकांनी त्या बोलीला नाकं मुरडली होती.

आमचं पत्रक जिनिंगच्या मुकादमानं दोनदा वाचलं. पहिला परिच्छेद त्याचाच होता ना. तो हंगाम असाच गेला. दुसऱ्या हंगामात सुट्टी मिळाली, सोमवारची, आळीपाळीनं. मावशी पहिल्या सोमवारी दिवसभर झोपली. हे मी मिळवलं असं लोक म्हणतात. अर्धं मास्तरांचं आहे.

सुट्टीवरून आठवलं. शनिवारी मास्तर कशालाही हात लावत नसत. स्वयंपाक शुक्रवारीच, सायकलला कुलूप, पेन बंद. नोकरीची सगळी वर्षं शनिवारी खिडकीवर बसले, आणि निवृत्तीनंतर पहिल्याच शनिवारी पलंगावर आडवे झाले. मी टोचलं, "देव मानत नाई, मंग शनिवार कायले पाळता?"

"देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली, हे मला खरं वाटत नाही. पण गुलामीतून सुटलेल्या कुणालातरी वाटलं की सातातून एक दिवस कुणीच कुणाचं नोकर असू नये. बैलसुद्धा. हे माणसाला सुचलंय. ते देवाच्या खात्यावर टाकून मी का सोडून देऊ? कोकणात आमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे. शेजाऱ्यांनी नाव ठेवलं, शनवार तेली. यांचा देव कोणता, हे शेजाऱ्यांना कळलं नाही. सुट्टी कळली."

आता माझ्या आज्याचं सांगते, कारण त्याच्यासारखा आक्षेप कुणी घेतला नाही. आजा तेव्हा हयात होता. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा तरणा होता, घरातले देव स्वतः गाठोड्यात बांधून विहिरीत सोडून आलेला. पाचवी वही मी त्याला वाचून दाखवली. तीत ॲमस्टरडॅमच्या एका ज्यू तरुणाची हकिगत आहे. तेवीस वर्षांचा. देव म्हणजे हे सगळं जग, त्याबाहेर बसलेला कुणी राजा नाही, असं काहीतरी म्हणू लागला. त्याच्याच समाजानं त्याला बहिष्कृत केलं. कुणी त्याच्याशी बोलू नये, जवळ उभं राहू नये, त्यानं लिहिलेलं वाचू नये. तो बाहेर पडला आणि दुसऱ्या कुठल्याही धर्माच्या दारात शिरला नाही. भिंगं घासून पोट भरलं. मास्तरांनी तिथं चौकोनात एकच वाक्य लिहिलंय: ‘इथून पुढे रस्त्यावर उभं राहता येऊ लागलं.’

आज्यानं ऐकलं. म्हणाला, "वाळीत टाकलं त्याले." तंबाखू मळून तोंडात टाकली. मग मला पेन घ्यायला सांगितलं, आणि मी त्याच्या शब्दांत समासात लिहिलं: ‘आमी देव सोडले अन् नावबी सोडलं. तवा मानूस झालो. तुमी देव सोडला अन् नाव कवटाळून बसले. काऊन?’ खाली आज्यानं स्वतः सही केली.

मास्तर घरी आले. आज्यासमोर खाटेवर बसले. म्हणाले, "तुम्ही विचारलंत ते सोपं नाही. वेळ द्या." अकरावी वही सगळीच्या सगळी आज्याला उत्तर आहे. तीत शहरांत शिकलेल्या, दाढ्या काढलेल्या, रस्त्यात सगळ्यांसारखं वागा आणि घरात ज्यू राहा म्हणणाऱ्यांचा इतिहास आला. देवाचं नाव न घेता सण करणाऱ्यांचा आला. नाव सोडून दिलेल्यांनाही जगानं कसं सोडलं नाही, हे आलं. आणि शेवटच्या पानावर: ‘तुमचं नाव दुसऱ्यांनी तुमच्या गळ्यात अडकवलं होतं, तुम्ही ते फेकलंत. माझं नाव म्हणजे आमच्या आपसातल्या जुन्या भांडणाचं नाव आहे. त्या भांडणात मला अजून बोलायचं आहे.’

मी वाचून दाखवलं. आज्यानं खाली लिहायला लावलं: ‘पटलं नाई. पन मेहनत केली.’ मास्तरांनी ते वाचून डोळे पुसले. आजा गेला तेव्हा ते पाच दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. समास असलेलं ते पान आमच्या घराण्याची एकमेव लेखी इस्टेट आहे. तेही पोत्यात आहे.

सभेकडे येते.

जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले होते. त्यांनी वह्या उघडल्या, चारी बाजूंनी वेगवेगळ्या अक्षरांतलं लिखाण बघितलं आणि शेरा मारला: वाचकांनी पुस्तके खराब केली आहेत, निर्लेखन करावे. साहेबांना एवढं दोषी धरत नाही मी. वाचनालयाचे अध्यक्ष मात्र सगळं जाणत होते. त्यांना शेरा हवाच होता. आधी आठवडाभर त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "पोरी, गावात कुजबुज आहे. मास्तर धर्म बदलवून राह्यले लोकायचा."

"कोनत्या धर्मात?"

"ते मले काय मालूम."

मी हे मास्तरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "ज्यू कुणाला ज्यू करत फिरत नाहीत. आणि माझ्याकडे तर द्यायला देवही नाही. दुकान उघडं, माल नाही."

सभेत मास्तर उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. म्हणाले, "आधी ठरावाची बाजू मी मांडतो. चुकलं तर थांबवा." आणि मांडली. आठ मिनिटं. की वाचनालय सगळ्यांचं असतं. एका पुस्तकात लिहू दिलं तर उद्या सगळ्यांत लिहितील. पुढच्या वाचकाला कोरं पान मिळण्याचा हक्क आहे. नियम माणूस बघून बदलला तर तो नियम राहत नाही, आणि माझ्या टपालाच्या नोंदवहीत कुणी समासात मत लिहिलं असतं तर मी स्वतः कारवाई केली असती. शिवाय जो श्रद्धेनं वाचायला येतो, त्याला टेबलावर आपला देव भांडणात सापडू नये, ही अपेक्षाही वावगी नाही. एका शब्दात टोमणा नाही. मी आधीच सांगते, मला इतकं चांगलं आजही जमणार नाही.

अध्यक्ष भारावले. "अगदी मनातलं बोलले मास्तर. मले असं बोलता आलं नसतं."

मास्तर हसले. याच वाक्यासाठी ते थांबले होते. आता वळून स्वतःचं मांडायचं, म्हणून त्यांनी वही उघडली.

अध्यक्ष म्हणाले, "मंग झालं. हात वर करा."

पाच हात. मी विरोधात. मास्तरांनी कोणताच हात वर केला नाही, वाद पुरा झाला नव्हता म्हणून.

मी उठले. "मास्तरांचं म्हननं राह्यलं अजून."

"राह्यलं कुठं, पोरी? त्यायनंच तर मांडलं. आता चहा येऊन राह्यला, बस."

बाहेर पायरीवर मी मास्तरांना नको ते बोलले. सभा ही सभा असते, शाळा नसते, असं मी म्हणाले. समोरचा ऐकणारा आहे की नाही ते बघून त्याची बाजू मांडायची असते, असंही मीच म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. "हा आक्षेप बरोबर आहे," एवढंच म्हणाले, आणि घड्याळ बघितलं नाही. मग चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

दिवाळीनंतर पुतणी येऊन त्यांना ठाण्याला घेऊन गेली. गुडघे गेलेत, एकट्यानं होत नव्हतं. फोनवर बोलतो आम्ही, शनिवार सोडून. सतरावी वही सुरू केली आहे म्हणतात, पण समासात लिहायला तिकडे माणूस मिळत नाही. वह्यांचं विचारलं तर विषय बदलतात. मागच्या आठवड्यात मात्र आपणहून म्हणाले, "गुलाबभाऊंना उत्तर द्यायचं राहिलंय. वही समोर असती तर सुचलं असतं."

म्हणून हे लिहिते आहे. सह्या गोळा करून मी वाचनालयाची विशेष सभा मागितली, आणि ती द्यावी लागली. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराला. त्याच दिवशी दुपारी रद्दीवाल्याला बोलावलेलं आहे, तेव्हा दुसरी संधी नाही. मास्तर मला सांगून राहिलेत की आधी अध्यक्षांची बाजू मांड. मी मांडणार नाही. ती आठ मिनिटं मांडून झालेली आहे आणि कार्यवृत्तात ‘एकमुखी कौतुक’ म्हणून लिहूनही झाली आहे. मी थेट उरलेलं मांडणार. ही माझी मास्तरांशी असहमती आहे, आणि ती त्यांना मान्य होईल याची मला खात्री आहे.

आता तुमचं. तुम्ही या गावचे, जामचे, समुद्रपूरचे, आणि त्या वह्यांत कधी एक ओळ जरी लिहिली असेल, तर त्या रविवारी या. पोत्याची शिवण अध्यक्षांना त्यांच्या हातानं उसवायला लावा. तुमचं पान शोधा, सगळ्यांसमोर वाचा, आणि सांगा की ही खराबी नाही, हा माझा आक्षेप आहे आणि याचं उत्तर मला हवं आहे. लिहिलं नसेल, पण वाचनालयाचे सभासद असाल, तरी या. पाच हातांनी हे केलं. सहा लागतात. माझा एक आहे. उरलेले पाच तुमच्यातून द्या.